बेळगावात फर्स्ट इयरला आलाय? मग हे एकदा वाचून घ्या

पीयुसीचा म्हणजे बारावीचा रिझल्ट लागला, ॲडमिशन झालं, आता खानापूर, निपाणी, चंदगड, उचगाव, येळ्ळूर कुठनं कुठनं पोरं बेळगावात येणार आणि पहिले दोन महिने गोंधळात जाणार, हे दरवर्षीचंच आहे. ॲडमिशनच्या दिवसांत मी हेल्प डेस्कवर बसतो, तिथं तेच तेच प्रश्न येतात म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. आपल्याकडच्या मराठी मीडियमच्या पोरांची एक जादा अडचण असते, वर्गात इंग्लिश, ऑफिसात कन्नड आणि घरात मराठी, आणि ह्या तिन्हीच्या मधी पोरगं हळूहळू गप्प बसायला लागतं. हुशार असतं, पण गप्प. मी बघितलंय त्यात फर्स्ट इयरला मागं पडलेली पोरं अभ्यासानं कमी आणि न विचारल्यानंच जास्त मागं पडलीत. त्यामुळं खाली जे काय लिहिलंय त्यात "कुणाला विचारायचं आणि कधी" हेच जास्त सापडेल.

१. वर्ग सुरू व्हायच्या आधी कागद एका फाईलीत

सगळ्यात आधी नाव बघा. एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डवर जे नाव आहे तेच पुढं डिग्रीच्या सर्टिफिकेटपर्यंत चालतं. आपल्याकडं काय होतं, मार्क्स कार्डवर नाव-वडील-आडनाव, आधारवर आडनाव आधी, बँकेत वडलांचं नावच नाही, आणि स्पेलिंग म्हणाल तर ज्यानं टाइप केलं त्याच्या मनाला येईल तसं. गावात कुणाला त्याचं काही पडलेलं नसतं, पण स्कॉलरशिपच्या अर्जात कॉम्प्युटर ते पास करत नाही. मार्क्स कार्डवरचं नाव बदलणं म्हणजे बोर्डाच्या मागं फिरणं, त्यापेक्षा आधार आणि बँक मार्क्स कार्डासारखं करून घेणं सोपं, आणि ते जून-जुलैतच करा, नंतर आधार सेंटरवर गर्दी होते आणि कॉलेज बुडवून लाइनीत उभारावं लागतं.

मग जात आणि उत्पन्नाचा दाखला. हा नाडकचेरीतनं म्हणजे गावाकडच्या महसूल ऑफिसातनं मिळतो आणि त्यावर एक आरडी नंबर असतो, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा कारण तो सगळीकडं विचारतात. जुना दाखला घरात असेल तर त्याची मुदत बघून घ्या. आणि एक गोष्ट, मराठा समाज कर्नाटकात ३बी ह्या मागास प्रवर्गात येतो, तेव्हा कोल्हापूरच्या पाहुण्यांनी आरक्षणाचं जे गणित सांगितलंय ते इथं लागू होत नाही, तुमच्या दाखल्यावर जे लिहिलंय तेच धरायचं.

स्कॉलरशिपचा अर्ज एसएसपी म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा असतो. तारीख कॉलेज सुरू झाल्यावर कधीतरी येते, आणि कॉलेजवाले ती नोटीस बोर्डावर लावतात, घरी फोन करून कोण सांगत नाही. अर्ज मंजूर होऊनसुद्धा पैसे न येण्याचं एक मोठं कारण म्हणजे बँक खातं आधारला नुसतं लिंक असतं पण एनपीसीआय मॅपिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या खात्यात टाकायचे ती नोंद, झालेलं नसतं, किंवा मॅपिंग भलत्याच खात्याला असतं, कधीतरी गॅस सबसिडीसाठी नाहीतर मोबाईल घेताना उघडलेल्या. पैसे त्या खात्यात जाऊन पडतात आणि आपण इकडं शिव्या घालत बसतो. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे तिथं दोन मिनिटांत कळतं कुठलं खातं जोडलंय ते.

हॉस्टेल पाहिजे असेल तर मागासवर्ग कल्याण खात्याच्या हॉस्टेलला ऑनलाइन अर्ज करा, सगळे त्याला बीसीएम हॉस्टेलच म्हणतात. तिथं सीट नाही मिळाली तर विद्यासिरी म्हणून योजना आहे, जेवण-राहण्यासाठी महिन्याला ठराविक पैसे असे दहा महिन्यांचे मिळतात, अटी आहेत, पण अर्जच न करणारी पोरं जास्त असतात. बीसीएमचं ऑफिस कुठंय ते तुमच्या कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला बरोबर माहीत असतं.

चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडनं आलेल्यांनी महाराष्ट्र बोर्डाचं मायग्रेशन आणि इथल्या युनिव्हर्सिटीचं एलिजिबिलिटी सर्टिफिकेट ह्या दोन गोष्टी पहिल्या महिन्यात मार्गी लावा. "होतंय की नंतर" म्हणून ठेवलं की परीक्षेचा फॉर्म भरताना अडकतं.

२. मोबाईल नंबर आणि पासवर्ड

छोटी गोष्ट आहे पण लिहितोच. डिग्रीच्या म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पोरांचं ॲडमिशन, परीक्षा फी, हॉल तिकीट, रिझल्ट सगळं यूयूसीएमएस ह्या सरकारी पोर्टलवर असतं. फॉर्म भरताना सायबरवाल्याचा नाहीतर मामाचा नंबर देऊ नका. ओटीपी त्या नंबरवर जातो, आणि मामा नेमका शेतात असतो. स्वतःचा नंबर, स्वतःचा मेल, आणि तीन वर्षं तोच.

तीन वर्षं म्हटलं त्यावर पण दोन शब्द, कारण घरोघरी गोंधळ आहे. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे चार वर्षांची डिग्री आणलेली, ती २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची केली. म्हणून मोठ्या भावाच्या नोट्स, त्याचे पेपर, त्यानं सांगितलेले इंटर्नलचे मार्क तुमच्याशी जुळतीलच असं नाही. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीचा तुमच्या बॅचचा सिलॅबस आधी काढा, मगच जुनी पुस्तकं घ्या. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर पेपर कॉलेजचाच असतो, मग युनिव्हर्सिटीचे जुने पेपर फक्त प्रॅक्टिसला.

३. रोज येऊन-जाऊन की रूम?

ह्यात घरचे भावनेनं ठरवतात, तुम्ही टाइमटेबल बघून ठरवा. खानापूर बेळगावपासनं पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर आहे, रोज करता येतं. पण खानापूरच्या पुढं जंगलाच्या बाजूला गाव असेल, तर पावसात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, एखादा पूल पाण्याखाली गेला की दोन दिवस बसच नाही, आणि नेमकं जुलै-ऑगस्टलाच वर्ग सुरू होतात. अशांनी निदान पावसाचे दिवस तरी शहरात कुणाकडं राहायची सोय बघून ठेवावी.

मुलींना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत तिकीट लागत नाही, पण शून्य रुपयांचं झिरो तिकीट मागून घ्यायचं आणि कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवायचं. चंदगडकडनं महाराष्ट्राच्या एसटीनं येणाऱ्या मुलींना तिकडं अर्धं तिकीट आहे, ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. मुलांनी स्टुडंट पासचा अर्ज सेवासिंधू ह्या राज्याच्या पोर्टलवर लवकर टाकावा, सगळे एकदम भरतात तेव्हा साइट चालत नाही. लोंढा, खानापूर, घटप्रभा, पाच्छापूर ह्या लाइनीवरच्या पोरांना रेल्वेचा मंथली पास स्वस्त पडतो, फक्त पॅसेंजर लेट झाली तर पहिला तास गेला हे धरून चाला.

आता मुलींसाठी महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही. सायन्सच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस सेमिस्टरच्या सुरवातीलाच पाडतात. तुमच्या गावाची शेवटची सोयीची बस साडेचारची असेल आणि बॅच संध्याकाळची लागली तर पहिल्याच आठवड्यात सरांना जाऊन सांगा की बसचा प्रॉब्लेम आहे, बॅच बदलून द्या. तेव्हा सहज देतात. दोन महिन्यांनी गेलात तर "इतके दिवस कशी येत होतीस?" असं विचारणार, आणि त्यांचं पण चूक नाही.

रूम बघायची झाली तर कॉलेजच्या चालत अंतरावर बघा. आरपीडी, जीएसएस, गोगटे कॉमर्स ह्यांच्यासाठी टिळकवाडी आणि आसपास, जीआयटी उद्यमबागला आहे त्यामुळं अनगोळ-मजगाव-भाग्यनगर, केएलईची मेडिकलकडची कॉलेजं नेहरूनगरला, बाकीची कुठं आहेत ते आधी बघा. रूम दाखवताना मालक फॅन, कॉट, गिझर दाखवतात. तुम्ही विचारा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, टाकी केवढी आहे, आणि पावसाळ्यात कपडे कुठं वाळवायचे. हसू नका. बेळगावच्या पावसात जीन पॅन्ट चार दिवस वाळत नाही आणि ओल्या कपड्यांचा वास खोलीतनं दिवाळीपर्यंत जात नाही. डिपॉझिटची पावती घ्या, निदान फोन पे करा म्हणजे पुरावा राहतो. रूम सोडताना किती दिवस आधी सांगायचं हे आधीच बोलून घ्या.

मेसचा रेट ठरवताना रविवार संध्याकाळ धरलीय का विचारा, बऱ्याच मेस तेव्हा बंद असतात. आणि गावाला गेल्यावर सुट्टीचे पैसे कापतात का तेही. खानावळीतली ज्वारीची रोटी, पालेभाजी, शेंगाचटणी पोटाला चांगली, रोज संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिर्चीभजीवर राहिलात तर ते पण मस्त लागतं म्हणा, पण महिनाअखेरीला खिसा आणि पोट दोन्ही बोंबलतात.

४. पहिल्या आठवड्यात तीन माणसं शोधा

एक, तुमचे मेंटर किंवा क्लास टीचर. बहुतेक कॉलेजात प्रत्येक पोराला एक मेंटर दिलेला असतो आणि पोरांना त्याचा पत्ताच नसतो. स्टाफरूममध्ये जाऊन एकदा तोंड दाखवा, "सर, मी अमुक गावचा, मराठी मीडियमचा, इंग्लिश जरा जड जातंय" एवढं बोला, बास. पुढं काही झालं तर त्यांना तुमचा चेहरा माहीत असतो. इथल्या कितीतरी प्राध्यापकांनी स्वतः असंच खेड्यातनं येऊन शिकलंय, त्यांना हे सांगावं लागत नाही.

दोन, ऑफिसातले क्लार्क. लोक म्हणतात ऑफिसवाले खेकसतात. खेकसतात, कारण दुपारी एकला जेवायच्या टायमाला शंभर पोरं खिडकीवर येतात. सकाळी ऑफिस उघडल्यावर जा, एका कागदावर तुमचं नाव, कोर्स, रजिस्टर नंबर आणि काम लिहून घेऊन जा, तोच माणूस तुम्हाला बसवून काम करून देईल. फी भरली, अर्ज दिला, काही पण दिलं की झेरॉक्सवर पोच घ्यायची, सही-शिक्क्यासकट. पोच नाही म्हणजे दिलंच नाही असं समजा.

तीन, कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला. कुठल्या सरांच्या नोट्स चालतात, गेल्या वर्षीचा पेपर कसा आलेला, असाइनमेंटला कुठला कागद लागतो, रेकॉर्ड बुकला कुठलं कव्हर, फॉर्मची शेवटची तारीख, सगळं त्याच्याकडं असतं आणि ते पण तिन्ही भाषांत. प्रिन्सिपॉलनासुद्धा एवढी माहिती नसेल.

५. वर्गात काही कळत नाही तेव्हा

हे होणारच. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयुसीला पाठ करून निघालेलं पोर डिग्रीला आलं की सर एक तास इंग्लिशमध्ये बोलतात आणि मधे समजावून सांगताना कन्नडमध्ये शिरतात, आणि आपण दोन्हीकडनं बाहेर. मागच्या बाकावर जाऊन बसू नका. पुढच्या दोन-तीन बाकांवर बसलं की अर्धं ओठांवरनं कळतं, आणि सरांना पण दिसतं कोण अडकलंय ते.

एक काम करा, प्रत्येक विषयाची वेगळी शब्दांची वही करा. कॉमर्सवाल्यांनो, डिप्रिसिएशन म्हणजे घसारा, लेजर म्हणजे खातेवही, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज, हे तुम्हाला मराठीत समजतं, नुसतं इंग्लिश नाव नवीन आहे. सायन्सवाल्यांना पण तसंच, व्हेलॉसिटी म्हणजे वेग आणि ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण, शाळेच्या पुस्तकातलंच. रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाचे आठ-दहा शब्द लिहिले की महिन्याभरात सर काय बोलायलेत ते कळायला लागतं. एआयला विचारून मराठीत समजून घेतलं तरी चालतं, पण पेपर इंग्लिशमध्ये लिहायचाय हे विसरू नका, समजलेलं शेवटी चार इंग्लिश वाक्यांत स्वतः लिहून बघायचंच. तुटकं इंग्लिश असू दे. विषय बरोबर असेल तर तुटक्या इंग्लिशला पण मार्क पडतात, कोऱ्या कागदाला पडत नाहीत.

प्रश्न विचारायची भीती वाटते ना, तर तास संपल्यावर दारात गाठा सरांना. मराठीत विचारलं तरी बरेच जण मराठीत सांगतात, बेळगावात हे चालतं. आणि मराठी विषय भाषा म्हणून घ्यायची सोय कॉलेजात असेल तर ऑफिसात स्पष्ट विचारून घ्या, फॉर्म भरणाऱ्यानं आपल्या मनानं दुसरीच भाषा टाकली असं होतं आणि नंतर बदलून मिळत नाही.

६. हजेरी आणि इंटर्नल

डिग्रीला ७५ टक्के हजेरी लागते, आणि ती प्रत्येक विषयाला वेगळी मोजतात. एकूण ८० आहे म्हणून निवांत बसलेलं पोर एका विषयात ६० ला अडकतं, आणि तो विषय नेमका सकाळी पहिल्या तासाचा असतो, ज्या तासाला बस पोचत नाही. म्हणून महिन्यातनं एकदा स्वतः मोजा. आजारी पडलात तर बरं झाल्यावर लगेच डॉक्टरची चिठ्ठी द्या, सेमिस्टर संपताना आणलेल्या चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवत नाही.

इंटर्नल म्हणजे हातातले मार्क. टेस्ट, असाइनमेंट, सेमिनार जे काय असेल ते वेळेवर. पोरं मेन परीक्षेच्या आधी रात्ररात्र जागतात आणि असाइनमेंट मात्र शेवटच्या दिवशी बसमध्ये बसून दुसऱ्याची बघून लिहितात, असलं उलटं काम करू नका.

इंजिनियरिंगवाल्यांचं थोडं वेगळं. व्हीटीयूत म्हणजे इंजिनियरिंगच्या युनिव्हर्सिटीत पहिलं वर्ष फिजिक्स सायकल आणि केमिस्ट्री सायकल असं वाटलेलं असतं, अर्धी पोरं आधी ही करतात अर्धी ती, त्यामुळं दुसऱ्या सेक्शनच्या मित्राचं टाइमटेबल बघून घाबरू नका. तुमच्या बॅचची स्कीम कुठली ते आधी बघा; २०२२ च्या स्कीममध्ये सीआयई म्हणजे इंटर्नल ५० आणि सेमिस्टर परीक्षा ५० असं आहे, आणि सीआयईत ५० पैकी २० नाही मिळाले तर त्या विषयाच्या परीक्षेला बसायला देत नाहीत. हजेरी तिथं ८५ टक्के, दहा टक्क्यांपर्यंत कमी पडलं तर माफी मिळू शकते, पण ते गृहीत धरू नका. आणि चार वर्षांत समाजाच्या कामांचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट्स लागतात, ते पहिल्या वर्षापासनं थोडे थोडे करा, शेवटच्या वर्षी झाडं लावत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

७. कन्नडला घाबरू नका, आणि टाळू पण नका

माझं मत स्पष्ट सांगतो, काहींना पटणार नाही. कन्नड कामापुरतं बोलायला शिका. ह्यानं तुमचं मराठीपण कमी होत नाही. बँकेत, नाडकचेरीत, हॉस्पिटलात, बसस्टँडवर, पुढं हुबळी-धारवाड-बेंगळूरला नोकरीला लागलात तर तिथं, सगळीकडं लागतं. आमच्या आज्या बाजारात भाजी विकताना दोन्ही भाषा बोलायच्या आणि त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सुरवात अगदी थोडक्यात करा. "सर, ई अर्जी एल्ली कोडबेकु?" म्हणजे हा अर्ज कुठं द्यायचा. "कोने दिनांक यावाग?" म्हणजे शेवटची तारीख कधी. "नंग कन्नड स्वल्प बर्तद्री" म्हणजे मला कन्नड थोडंसं येतं, आणि हे वाक्य सगळ्यात कामाचं, समोरचा लगेच सावकाश बोलायला लागतो नाहीतर मराठीत येतो. शेवटी "री" लावायला विसरू नका, आपल्या "अहो"सारखं आहे ते. नोटीस बोर्डावर हाजराती दिसलं की हजेरी, रजे म्हणजे सुट्टी, अंकपट्टी म्हणजे मार्क्स कार्ड. इकडच्या शाळेत शिकलात तर लिपी शिकलेली असतेच, परत एकदा उजळणी करा.

इंजिनियरिंगला कन्नड न येणाऱ्यांसाठी बळके कन्नड म्हणून एक सोपा पेपर असतो, कन्नड येणाऱ्यांना सांस्कृतिक कन्नड. फॉर्मवर कुठला टिक केलाय बघा. बळके कन्नड बोलण्यापुरतं असतं, पण पास व्हावंच लागतं.

८. एक नोव्हेंबर, अधिवेशन आणि व्हॉट्सॲप

बाहेरच्या गाइडमध्ये हे येत नाही, पण आपल्याकडं हे सांगितल्याशिवाय भागत नाही. एक नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते, मराठी लोक सीमाप्रश्नावरनं काळा दिन पाळतात, मधल्या शहरात वाहनं अडवलेली असतात. त्या दिवशी बाहेरगावाहून येणाऱ्यांनी दुसरा काही प्लॅन करू नये. डिसेंबरच्या आसपास सुवर्ण विधानसौधमध्ये राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा लॉज फुल्ल, हायवेला हलग्याजवळ गर्दी, रोज कुठलं ना कुठलं आंदोलन. परीक्षा किंवा इंटर्नल असेल तर तासभर आधी निघा. वातावरण तापलं की सीमेपलीकडच्या बस बंद होतात, चंदगड-कोल्हापूरच्या पोरांनी अशा वेळी राहायला एक घर शहरात ठरवून ठेवावं.

आणि क्लासच्या ग्रुपवर भाषेचा वाद सुरू झाला तर तुम्ही हिरो बनू नका. हा सीमाप्रश्न १९५६ पासनंचा आहे, महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातलाय, तो तुमच्या बीकॉम फर्स्ट सेमच्या ग्रुपवर सुटणार नाही. तुमची मतं असू देत, माझी पण आहेत, सभेला जायचं तर जा. पण कुठनंतरी आलेला व्हिडिओ न बघता फॉरवर्ड केला आणि केस लागली तर नोकरीच्या, पासपोर्टच्या वेळी ती पुढं येते, आणि ज्यानं व्हिडिओ बनवला तो तुमच्या मदतीला येत नाही. बाकी वर्गात कन्नड पोरं आणि मराठी पोरं एकत्रच डबा खातात, हे पण खरं आहे आणि ते बातमीत येत नाही.

९. रॅगिंग

इंट्रो म्हणून नाव-गाव विचारलं, गाणं म्हणायला लावलं, इथपर्यंत सगळे सोडून देतात, पण पैसे मागणं, रूमवर बोलवणं, हात लावणं, जातीवरनं नाहीतर भाषेवरनं चिडवणं हे सहन करायचं नाही. ॲडमिशनला अँटी-रॅगिंगचा ऑनलाइन फॉर्म तुमच्याकडनं आणि पालकांकडनं भरून घेतात, तो नुसती फॉर्मॅलिटी नाही, त्यात तक्रार कुठं करायची ते आहे. देशभराचा हेल्पलाइन नंबर १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. कॉलेजला सांगायची भीती वाटत असेल तर तिथं नाव न सांगता पण तक्रार घेतात.

१०. घरची आठवण, आणि घरची कामं

पहिल्यांदा घर सोडलेल्या पोरांना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जड जातं. दर शनिवारी दुपारी पळायची सवय लागली की रूमवर मन रमतच नाही, म्हणून सुरवातीला एक शनिवार-रविवार मुद्दाम इथं काढा. मित्रांबरोबर किल्ल्यात फिरून या, रामदेव गल्ली-खडेबाजारात चक्कर मारा, काँग्रेस रोडवर संध्याकाळी चालायला जा. झोप उडाली, जेवण जात नाही, रडायला येतंय, असं आठवडाभराच्या वर चाललं तर मात्र आईला नाहीतर मेंटरना सांगा, आणि कुणालाच सांगवत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, तिथं बोला. त्यात लाज कसली.

शेतकऱ्याच्या पोरांचं वेगळं दुखणं. जुलैत रोप लावणी, आणि पाऊस ओसरला की सुगी, भात कापणी-मळणी. घरी माणूस कमी असतं, बाबा फोन करतात आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणायचं पण नाही. फक्त इंटर्नलच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी घरी कॅलेंडरवर पेनानं लिहून या, महालक्ष्मीच्या फोटोशेजारी, जिथं सगळ्यांना दिसेल तिथं. "बाबा, बुधवारी पेपर हाय, गुरुवारी सकाळच्या बसनं येतो की" असं आधी सांगितलं तर घरचे कापणी एक दिवस पुढं ढकलतात. आदल्या रात्री सांगितलं तर भांडण होतं. गावच्या जत्रेचं पण तसंच, सरांना आधी सांगून एक दिवस घेतला तर कोण अडवत नाही, आठवडा घेतला तर हजेरी जाते.

११. अभ्यासाशिवाय काय

एनसीसीत जायचं असेल तर पहिल्याच वर्षी, पहिल्याच काही आठवड्यांत नाव द्या. सी सर्टिफिकेटला तीन वर्षं लागतात, सेकंड इयरला जाग आली तर बी वरच थांबावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच गावात आहे, भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी धावताना दिसतात, त्यांना एनसीसीचं महत्त्व विचारा.

वाचायची आवड असेल तर सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालचं. वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, आणि मुख्य म्हणजे शांतता, जी रूमवर मिळत नाही. थंडीच्या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं स्वयंसेवक म्हणून जा, बोलायला-ओळखी करायला शिकता, आणि दुपारचं जेवण पण चांगलं असतं.

१२. पहिला रिझल्ट

एखाद्या विषयात गेलं तर घरात लपवू नका, फर्स्ट सेमला बॅक राहणं इथं नवीन नाही, तो पेपर पुढं काढता येतो. पण मार्क अनपेक्षित कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशन मागता येतं, त्याची मुदत रिझल्टनंतर थोडेच दिवस असते आणि ती बहुतेक तुम्ही सुट्टीत गावाकडं असताना संपते. तेव्हा सुट्टी असली तरी क्लासचा ग्रुप म्यूट करू नका, लॉगिनचा पासवर्ड पाठ ठेवा, आणि फी भरलेली ऑनलाइन पावती डाउनलोड करून त्याच फाईलीत घाला.